कडू दुधी आणि जिभेचा निवाडा

दुधी चिरण्यापूर्वी देठाकडची एक पातळ चकती कापायची, ती जिभेच्या टोकाला लावून पाहायची आणि कडू लागली तर सबंध दुधी टाकून द्यायचा, ही आमच्या घरात आजीपासून चालत आलेली रीत आहे. काकडीलाही हाच नियम. दुधी, काकडी, दोडका, घोसाळे, पडवळ ही सगळी एकाच कुळातील फळे असून, किडींपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून या कुळातील वनस्पती कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू आणि विषारी रसायने तयार करतात. कडू नसलेल्या फळांचेच बी पिढ्यान्‌पिढ्या राखून शेतकऱ्यांनी हा कडूपणा बाजारात येणाऱ्या वाणांतून जवळजवळ घालवला आहे. तरीही एखाद्या वेलावर तो पुन्हा उमटतो, आणि अशा फळाच्या रंगारूपात वरून काहीच फरक दिसत नाही. तो फरक फक्त जिभेला कळतो.

दुधीचा कच्चा रस सकाळी उपाशीपोटी पिण्याची जी लाट मधल्या काळात आली, तिच्यात जिभेचा हा निवाडा अनेकांनी डावलला. रस कडू लागत असूनही, कडू आहे म्हणजे औषधी असणार, या समजुतीने लोकांनी तो नेटाने संपवला. त्यांतील काहींना थोड्याच वेळात पोटात तीव्र वेदना, उलट्या आणि जुलाब सुरू झाले, काहींना रक्ताच्या उलट्या झाल्या, रक्तदाब कोसळला आणि काही जण दगावलेही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या प्रकरणी तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू असल्यास तो दुधी वापरू नये आणि रस प्यायल्यावर त्रास होऊ लागल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, असा सल्ला समितीने दिला. या विषावर उतारा नाही. डॉक्टरांना लक्षणांवरच उपचार करावे लागतात. हा अहवाल वाचल्यापासून चवीविषयी सविस्तर लिहावे असे माझ्या मनात आहे. चवीकडे आपण जिभेचे चोचले म्हणून पाहतो, साध्या जेवणाचे कौतुक करताना ‘चवीसाठी नव्हे, जगण्यासाठी खावे’ असे म्हणतो. माझ्या मते ही विभागणीच चुकीची आहे, कारण चव हे इंद्रिय मुळात जगण्यासाठीच घडलेले आहे.

आरशासमोर उभे राहून, खाण्याच्या निळ्या रंगाचा एक थेंब जिभेवर पसरवला तर जीभ निळी होते, पण तिच्या टोकाकडे काही गोल गुलाबी ठिपके उठून दिसतात. हे ठिपके म्हणजे भूछत्राच्या आकाराचे अंकुरक असून त्यांच्या पृष्ठभागात रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके, रुतलेल्या असतात. जिभेच्या मागच्या कडांवर असलेल्या घड्यांमध्ये, तसेच घशाजवळ कोनाच्या आकारात मांडलेल्या 8 ते 12 मोठ्या अंकुरकांभोवतीच्या चरांमध्येही रुचिकलिका असतात. थोड्या टाळूवर आणि घशातही असतात. बाकी सगळ्या जिभेवर जी खरखरीत लव दिसते, तिला चव कळत नाही, ती फक्त घास धरण्याचे काम करते. एकेका कलिकेत 50 ते 100 पेशी असतात आणि तिच्या टोकाला एक सूक्ष्म छिद्र असते. लाळेत विरघळलेला पदार्थच त्या छिद्रातून आत शिरू शकतो, त्यामुळे जीभ पुसून कोरडी केली आणि तिच्यावर साखरेचा दाणा ठेवला, तर लाळ सुटेपर्यंत तो गोड लागत नाही. टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट असा जिभेचा जो नकाशा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केला, तो 1901 मध्ये डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने नोंदवलेल्या अगदी किरकोळ फरकांचा पुढे विपर्यास होऊन तयार झाला. मिठाचा खडा जिभेच्या टोकाला लावून पाहिला तरी तो नकाशा टिकत नाही. ज्या ज्या भागात रुचिकलिका आहेत, त्या प्रत्येक भागाला सगळ्या चवी कळतात.

रुचिकलिकेतील एकेक पेशी मात्र बहुतांशी एकाच चवीला वाहिलेली असते. गोड ओळखणाऱ्या पेशींवर गोडाचे ग्राही प्रथिन, म्हणजे गोड रेणू पकडणारे प्रथिन, असते आणि ते एकाच प्रकारचे असते. साखर, गूळ, मध, केळे, सॅकरिन यांचे रेणू परस्परांहून कितीही वेगळे असले तरी ते याच एका ग्राहीला येऊन चिकटतात. कडू ओळखणाऱ्या पेशींवर मात्र सुमारे 25 प्रकारची ग्राही प्रथिने असतात, आणि त्यांतील काही तर एकमेकांशी रचनेत काहीच साम्य नसलेले अनेक रेणू पकडतात. यामागचे कारण सरळ आहे. शरीराला इंधन म्हणून हवी असलेली साखर थोड्याच प्रकारची आहे, पण वनस्पतींनी स्वतःच्या बचावासाठी तयार केलेल्या विषांना अंत नाही. विष कोणते आहे हे जिभेला ठरवायचे नसते, घास थुंकायचा एवढेच ठरवायचे असते. म्हणून कुनैन, कॅफिन आणि कुकुरबिटासिन यांची चव आपल्याला कमी-अधिक फरकाने एकाच जातीची, म्हणजे कडू, लागते. जिभेची या बाबतीतली सावधगिरी मोजूनही पाहता येते: पाण्यातली साखर कळण्यासाठी जितके रेणू लागतात, त्यांच्या सुमारे हजाराव्या भागाइतके कुनैनचे रेणू कडूपणा जाणवण्यास पुरतात.

या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध झाली. अमेरिकेतील चार्ल्स झुकर आणि निकोलस रायबा यांच्या गटांनी उंदरांच्या गोड ओळखणाऱ्या पेशींमध्ये जनुकीय बदल करून कडू पदार्थाचे ग्राही बसवले, तेव्हा ते उंदीर त्या कडू पदार्थाचे पाणी आवडीने पिऊ लागले. याचा अर्थ असा की गोडवा किंवा कडूपणा पदार्थाच्या अंगी नसतो. तो पदार्थ कोणत्या पेशीला जागे करतो आणि ती पेशी मेंदूला कोणता निरोप धाडते, यावर चव ठरते. गोड पेशीचा निरोप ‘घे’ असा आणि कडू पेशीचा निरोप ‘नको’ असा जन्मतःच ठरलेला असतो. तान्ह्या बाळाच्या जिभेला साखरेचे पाणी लावले की ते ओठ चाटते आणि कडू थेंब लावला की तोंड वेडेवाकडे करून जीभ बाहेर काढते, हे कोणी त्याला शिकवलेले नसते.

सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात, हे 1931 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने उघड झाले. आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली आणि शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना स्वतःला मात्र काहीच चव लागली नाही. आपल्याकडेही जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना पीटीसी लावलेली कागदाची पट्टी चाखायला देतात, तेव्हा काही जण तोंड वाकडे करतात आणि काहींना तो नुसता कागद वाटतो. हा फरक ज्या एका जनुकामुळे पडतो, ते जनुक 2003 मध्ये ओळखले गेले. पुढे असे आढळले की त्याच जनुकापासून तयार होणारे कडूचे ग्राही नाकाच्या आतल्या अस्तरातही असते, तेथे ते काही जिवाणूंनी सोडलेले रेणू ओळखते आणि जिवाणूंना मारणारा वायू सोडण्यास पेशींना प्रवृत्त करते. म्हणजे जे प्रथिन तोंडात अन्नाची पारख करते, तेच नाकात जंतूंचीही पारख करते.

गोडाची वाट स्वतंत्र आहे याचा पुरावा आपल्या सह्याद्रीत उगवतो. गुडमार नावाच्या वेलीची दोन पाने नीट चावून जिभेवर फिरवली आणि मग साखरेची चिमूट तोंडात टाकली, तर दात वाळू चावत आहेत असे वाटते. दाणे विरघळतात, पण गोडी लागत नाही. गुळाचा खडा बेचव लगदा होतो आणि पिकलेले केळे चक्क आंबट लागते, कारण त्यात मुळातच असलेला आंबटपणा झाकणारी गोडी नाहीशी झालेली असते. मीठ आणि लिंबू मात्र नेहमीसारखेच लागतात. या पानांतील जिम्नेमिक आम्ले गोडाच्या ग्राहीला जाऊन चिकटतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याला निकामी करतात. मांजरीच्या बाबतीत हे निसर्गानेच कायमचे केले आहे. तिच्या कुळात गोडाच्या ग्राहीचा अर्धा भाग घडवणारे जनुक मोडलेले आहे, असे 2005 मध्ये आढळले. वाघ आणि चित्ता यांचेही तसेच. निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला फळाची गोडी ओळखून काही साधायचे नसते, म्हणून ते जनुक मोडले तरी त्याचे काही अडले नाही.

मिठाची गोष्ट मात्र सगळ्या चवींत मला अधिक गंभीर वाटते. रक्तातील सोडियमचे प्रमाण शरीराला अतिशय अरुंद मर्यादेत राखावे लागते, घामातून आणि मूत्रातून ते सतत बाहेर जात असते आणि चरबीसारखा त्याचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. मांसाहारी प्राण्याला सोडियम भक्ष्याच्या रक्तातून मिळते, पण गवतात ते फार थोडे असते, म्हणून गुरे मिठाचा खडा तासन्‌तास चाटतात आणि तो न मिळाल्यास खारावलेली भिंतही चाटतात. 1940 मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिश्टर यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मुलगा साधारण एक वर्षाचा असल्यापासून खारी बिस्किटे न चावता त्यांच्यावरचे मीठ चाटत असे, पुढे मिठाची बाटलीच मागू लागला, आणि त्याच्या अगदी पहिल्या शब्दांमध्ये ‘मीठ’ हा शब्द होता. वेगळ्याच तक्रारीसाठी त्याला रुग्णालयात दाखल केले, तेथे त्याला सर्वांना मिळणारा नेहमीचा आहार मिळू लागला आणि सात दिवसांत तो दगावला. त्याच्या मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचा सोडियम धरून ठेवणारा भाग जवळजवळ नव्हताच, हे शवविच्छेदनानंतर कळले. ज्या आजाराचे निदान मोठ्यांना झाले नाही, त्यावर त्या लेकराच्या जिभेने अडीच वर्षे उपाय केला होता. ही हकिगत मी जेव्हा जेव्हा वाचली, तेव्हा मला गलबलून आले.

मात्र हेच मीठ अति झाले की नकोसे होते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की कमी मीठ सोडियमच्या स्वतंत्र पेशींना जागे करते आणि ते हवेसे वाटते, पण प्रमाण फार वाढले की तेच मीठ कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशींनाही डिवचते. आंबटाच्या पेशींना आम्लातील हायड्रोजनचे आयन कळतात. त्यांची वाट कोणत्या प्रथिनातून जाते हे 2018 नंतर स्पष्ट झाले. कच्चे फळ आणि नासलेले अन्न या दोन्हींची सूचना आंबटपणा देतो, तरीही ताक, कैरी, चिंच आपल्याला आवडते, कारण थोड्या आंबटाला हरकत नसते. पाचवी मूळ चव उमामी. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून 1908 मध्ये ग्लुटामेट वेगळे काढून ही चव शास्त्राच्या नजरेस आणली. प्रथिनयुक्त अन्नाची ही खूण आहे आणि आईच्या दुधातही ग्लुटामेट भरपूर असते, त्यामुळे माणसाची या चवीशी ओळख जन्मानंतर लगेचच होते. मासळीत इनोसिनेट हे उमामी वाढवणारे दुसरे रसायन असते आणि टोमॅटोत ग्लुटामेट. ही दोन एकत्र आली की उमामी नुसती बेरजेने न वाढता कितीतरी पटींनी वाढते.

जिभेचा निरोप तीन वेगवेगळ्या मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो. त्यांतील एकाची शाखा मधल्या कानातून, पडद्याच्या अगदी आतल्या बाजूने जाते, म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना जिभेच्या एका बाजूला चव लागत नाही किंवा धातूसारखी चव लागते. हा निरोप मेंदूच्या वरच्या भागात पोचून ‘छान आहे’ असे वाटण्याआधीच खालच्या भागातून पोटाकडे आज्ञा सुटलेल्या असतात. इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेची वाट मानेतून बाहेर काढली होती. कुत्रा खात असे, घास बाहेर पडत असे, पोटात काहीच जात नसे. तरी काही मिनिटांत जठररस वाहू लागे. उलट, कुत्र्याच्या नकळत अन्न थेट जठरात घातले तर रस फारच कमी येई. पचनाच्या या अभ्यासासाठी पावलोव्ह यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बाबतीत हेच टॉम या नावाने वैद्यकात प्रसिद्ध असलेल्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थामुळे कळले. लहानपणी कढत सूप गिळल्याने त्याची अन्ननलिका बंद झाली होती आणि पोटावर केलेल्या छिद्रातून तो अन्न आत घालत असे. पण प्रत्येक घास आधी तोंडात चावून, चाखून मगच तो नळीत टाकायचा, कारण नुसते अन्न पोटात घातल्याने त्याचे समाधान होत नसे आणि खाण्याची इच्छाही टिकत नसे.

घशाच्या खालीही चाखणे थांबत नाही. जिभेवर असतात तीच गोडाची ग्राही प्रथिने आतड्याच्या अस्तरातही सापडली आहेत. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजमुळे इन्सुलिन कितीतरी अधिक स्रवते, कारण साखर आतड्यात आल्याचे कळताच तेथील पेशी स्वादुपिंडाला हार्मोनद्वारे आगाऊ कळवतात. ज्या उंदरांना जिभेवर गोड कळतच नाही, असे उंदीरसुद्धा काही दिवसांत साध्या पाण्यापेक्षा साखरेचे पाणी पसंत करू लागतात. त्यांच्या आतड्यातून मेंदूकडे जाणारा निरोप जिभेवर अवलंबून नसतो. या वाटेला साखर चालते, कृत्रिम गोडवा चालत नाही. जिभेला फसवता येते, पण आतड्याला तितक्या सहज फसवता येत नाही, आणि साखरेऐवजी गोडव्याची गोळी घातलेला चहा पिऊनही काही जणांचे मन का भरत नाही, याचे एक कारण मला यात दिसते.

जिभेचा पहिला निवाडा जन्मजात असला तरी शेवटचा नसतो. एरवी कारले, मेथी, कॉफी आपण खाल्लीप्यायलीच नसती. कारल्याचा कडूपणा दुधीतल्या विषाहून वेगळ्या रसायनांचा असतो, ते खाऊन काही बिघडत नाही हे शरीराला अनुभवाने कळते आणि ‘नको’ हळूहळू ‘चालेल’ होते. गरोदरपणात किंवा अंगावर पाजण्याच्या काळात आईने नियमित गाजराचा रस घेतला, तर पुढे गाजराची पेज भरवताना बाळ कमी तोंड वाकडे करते, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. आईच्या ताटातले स्वाद गर्भजलातून आणि दुधातून बाळाला आधीच ओळखीचे झालेले असतात. याची उलटी बाजूही तितकीच पक्की आहे. जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजताना मळमळ आणणारे किरण दिले. त्यानंतर त्या उंदरांनी आवडते गोड पाणी टाकले. एखादी चव आणि पुढची मळमळ यांच्यात काही तासांचे अंतर असले तरी शरीर एकाच अनुभवात ती गाठ मारते. शिकण्याच्या बाकीच्या प्रकारांत असे सहसा होत नाही, पण विष चढायला वेळ लागतो, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य वाटत नाही.

माझ्या आईच्या घशाला किरणोपचार चालू होते, तेव्हा यातील बरेच काही मी जवळून पाहिले. पहिले काही दिवस ती बेताने का होईना, पण जेवत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने वरणभाताचा घास तोंडात धरला, खूप वेळ घोळवला आणि ‘भुसा चावल्यासारखे वाटते’ म्हणून वाटी सारली. रुचिकलिकेतील पेशी साधारण दहा दिवसांत झडतात आणि तळाच्या पेशींच्या विभाजनातून त्यांच्या जागी नव्या येतात. किरणांचा मारा विभाजन होणाऱ्या पेशींवरच अधिक होत असल्याने जुन्या पेशी आयुष्य संपवून जातात आणि नव्यांचा पुरवठा तुटतो. शिवाय लाळग्रंथी मंदावल्याने तोंड कोरडे पडते. भूक असूनही घास घशाखाली उतरत नव्हता आणि वजन उतरत होते. स्टीलचा चमचा तोंडात धातूची चव आणतो म्हणून आम्ही लाकडी चमचा आणला, जेवण कोमट केले, घोटघोट पाणी जवळ ठेवले. एका परिचारिकेने दिलेला सल्ला मला फार मोलाचा वाटतो: केमोच्या दिवशी, त्याच्या आधी, रुग्णाला त्याचा आवडता पदार्थ देऊ नये. 1978 मध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना त्याआधी एका खास स्वादाचे आइस्क्रीम देऊन दाखवले होते की मुलांना पुढे त्याच आइस्क्रीमचा तिटकारा येतो, जरी मळमळ औषधाची आहे हे त्यांना ठाऊक असले तरी. आवडीचा एखादा पदार्थ असा कायमचा हातचा घालवण्यात काय अर्थ? उपचार संपल्यावर आईची चव काही महिन्यांत हळूहळू परत आली, आणि आमसुलाचे सार हे तिला पहिल्यांदा ‘लागलेले’ जेवण ठरले.

ज्याला आपण बोलताना चव म्हणतो, त्यातील बराच भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावली तर किंचित गोडसरपणा कळतो, पण बडीशेपेचा स्वाद नाक सोडल्याबरोबर उमटतो. कोव्हिडमध्ये चव गेली असे म्हणणाऱ्या अनेकांचा मुख्यतः वास गेलेला होता. आयुर्वेदाने सहा रसांमध्ये मोजलेले तिखट आणि तुरट हे आजच्या शरीरशास्त्राच्या मते रुचिकलिकांचे काम नाही. मिरचीतील कॅप्सेसिन एरवी चटका ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवते, म्हणून तोंड खरोखरच भाजल्यासारखे वाटते. हे प्रथिन 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि त्यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांमधील हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळे पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि त्यांचे बी दूरवर टाकतात. जांभळाचा आणि सुपारीचा तुरटपणा म्हणजे लाळेतील प्रथिने टॅनिनशी जोडली जाऊन तोंडाचा बुळबुळीतपणा जाणे. तो स्पर्शाचा भाग आहे.

मूळ चवी एकमेकींना दाबतात किंवा उठाव देतात, हे आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चिंचगुळाच्या आमटीत चिंच उतरली की तोंड आंबते आणि गुळाचा खडा पडला की तीच आमटी जुळून येते. आम्ल तेवढेच राहते, पण गोड आणि आंबट एकमेकांची धार कमी करतात. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळल्याने कडू पाणी निघते हे खरेच, पण मागे राहिलेले सोडियम उरलेला कडूपणाही दाबते. पेरूवर मीठ भुरभुरल्यावर तो अधिक गोड लागण्यातही याचा हात आहे. आवळा खाऊन पाणी प्यायले की ते गोड लागते, कारण आंबटाला सरावलेल्या जिभेला साधे पाणीही गोडसर भासते. गोडाचा निरोप पेशीत पुढे नेणारी एक वाट थंडीत मंदावते, त्यामुळे आइस्क्रीममध्ये भरपूर साखर घालावी लागते आणि वितळलेले आइस्क्रीम अतिगोड वाटते.

वय वाढले की चव आणि त्याहूनही अधिक वास मंद होतो, आणि मग घरातील वडीलधारी माणसे प्रत्येक भाजीवर वरून मीठ घेऊ लागतात. नेमक्या त्याच वयात डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, म्हणजे पापड, लोणचे, फरसाण हे सगळे धरून जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्याकडे हा बदल एका दिवसात करायचा प्रयत्न झाला तेव्हा ताटे अर्धवट राहू लागली, म्हणून आम्ही मीठ थोडे थोडे उतरवले आणि लिंबू, भाजलेले जिरे, कोथिंबीर यांवर भर दिला. कमी मिठाचा आहार चालू ठेवला तर साधारण दोन ते तीन महिन्यांत जिभेची आवड खाली सरकते आणि पूर्वीचे जेवण खारट वाटू लागते, असे अभ्यासांतही दिसले आहे. मला सर्वांत उद्बोधक वाटला तो 1986 मधील एक प्रयोग. त्यात काही जणांना जादा मीठ जेवणात घालून दिले आणि काही जणांना गोळीच्या रूपात गिळायला दिले. ज्यांनी ते चाखले त्यांना पुढे अधिक खारट जेवण आवडू लागले, पण ज्यांनी गोळी गिळली त्यांच्या आवडीत फरक पडला नाही. म्हणून घरात मीठ कमी करायचे असेल तर ते आधी जिभेवर पडणाऱ्या ठिकाणांहून, म्हणजे ताटात वाढलेले मीठ, पापड आणि काकडीवर भुरभुरलेली चिमूट यांपासून कमी करावे, आणि त्यानंतर भाजी-आमटीकडे वळावे.